दहा, नऊ, सात, दोन

पहाटे ४.३०

मागच्या दाराशी गमबूट पडल्याचा आवाज होतो. बाबा रानातून आले. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, म्हणजे आल्याला पाणी रात्रीच द्यायचं. मोबाइलचा गजर दाबून परत झोपता येतं, गमबुटांचं तसं करता येत नाही, म्हणून मी वेगळा गजर लावतच नाही. बाबा हातपाय धुऊन आडवे होतात आणि त्यांच्यासाठी लागलेला दिवा मी माझ्या टेबलासाठी चालू ठेवते. एका घरात एवढीच पाळी बदलते.

आमचं कोरेगाव साताऱ्याचं. पुण्याचं कोरेगाव पार्क नाही आणि भीमेकाठचंही नाही. परदेशात हे रोज सांगावं लागायचं. मी किर्गिझस्तानातून डॉक्टरकीची पदवी घेऊन आले, त्याला आता दीड वर्ष झालं. गल्लीत मला सगळे डॉक्टर म्हणतात. कायदा म्हणत नाही. परदेशात शिकून आलेल्यांपैकी बहुतेकांना २००२ पासून एक चाळणी परीक्षा द्यावी लागते: एफएमजीई. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या खेपेला. ३०० प्रश्न, दोन भागांत दीडशे-दीडशे, प्रत्येक भागाला १५० मिनिटं. पास व्हायला १५० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ऐकणारा म्हणतो, मग त्यात काय अवघड? बहुतेक खेपांना चार-पाच जणांमागे एखादाच पास होतो, हे सांगितलं की तो गप्प बसतो.

जूनमध्ये मला १३८ पडले.

५.००

पहिला तास बंद वहीचा. काल जे वाचलं ते वही न उघडता कोऱ्या कागदावर उतरवायचं, मग लाल पेनाने भोकं भरायची. जूनपर्यंत मी उलटं करत होते. पिवळ्या हायलायटरने पानंच्या पानं रंगवली, तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटलं, आणि ओळखीचं वाटतं म्हणजे येतं असा समज करून घेतला. परीक्षेत चारही पर्याय ओळखीचे वाटतात. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या दिवसातच गळून जातं. मला ते कळायला १३८ पडावे लागले.

आज पॅथॉलॉजीतलं रक्त. कागदावर पहिली ओळ: १०, ९, ७, २.

रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी या चारांना यकृतात तयार होताना व्हिटॅमिन के लागतं. दहातलं शून्य गाळलं की १९७२ उरतं. ही युक्ती वैद्यकीच्या मुलांमध्ये सगळीकडे चालते, मी काही शोधून काढलेली नाही. पण बिश्केकच्या होस्टेलवर मी ती पाठ करायचे आणि चार दिवसांत विसरायचे. १९७३ का १९७२, इथेच घोळ व्हायचा. घरी आल्यावर एकदा मोठ्याने म्हणत बसले होते, तर पलीकडच्या खाटेवरून आजी म्हणाली, ‘‘बाहत्तरचं काय काढलंस सकाळ सकाळ?’’

आजीचं माहेर तालुक्याच्या कोरड्या भागातलं. बाहत्तरला ती खडी फोडायला जायची. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, रेशनला तांबडी मिलो. ‘‘त्या मिलोची भाकर जनावरं बी तोंड फिरवायची गं. पर खाल्ली. काय करतीस?’’ ती तिच्या उजव्या अंगठ्याचं नख दाखवते, खडीच्या हातोडीखाली गेलेलं. ते पुन्हा सरळ आलंच नाही.

त्यानंतर १९७२ कधी चुकलं नाही.

शिवाय आजी स्वतःच या प्रश्नाचं उत्तर आहे. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्याने हृदयाची झडप आकसली, पुढे ठोके अनियमित झाले आणि आता ती रक्त पातळ करायची गोळी घेते: वॉर्फरिन. ही गोळी व्हिटॅमिन केला पुन्हा वापरात आणणारं एन्झाइम अडवते, म्हणून नेमके हेच चार घटक कमी पडतात. त्यांतला सातवा सगळ्यांत अल्पायुषी, काही तासांत निम्मा होतो. दुसरा दोन-तीन दिवस रेंगाळतो. त्यामुळे तपासणीचा आकडा लवकर हलतो, पण गोळीचा पुरता गुण यायला पाच दिवस जातात. हे पुस्तकात अर्ध्या ओळीत आहे. आजीला गोळी सुरू झाली तेव्हा आई रोज विचारायची, ‘‘अजून सुया का देतात मग?’’ उत्तर हे होतं, आणि तेव्हा मला ते नीट सांगता आलं नव्हतं.

मेथीचंही तसंच. हिरव्या भाज्यांत व्हिटॅमिन के असतं म्हणून शेजारणीने आजीची मेथी तोडली होती. भाजी तोडायची नाही, रोज साधारण तेवढीच खायची, म्हणजे गोळीचा हिशोब बिघडत नाही. आजीने यातलं ‘भाजी खायची’ एवढंच लक्षात ठेवलंय.

८.४५

जरंड्याच्या डोंगरावर ऊन आलेलं असतं. ऊस सुरू झालाय, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि त्यांचे स्पीकर. अभ्यासिकेत पोचेपर्यंत केसांत धूळ.

अभ्यासिकेत तीसेक पोरं-पोरी. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा. डॉक्टरकीची मी एकटी. माझ्या टेबलावर नेत्रपटलाचे फोटो असतात, त्यांच्याकडे नकाशे. पण मध्येच एखादा येतोच.

‘‘ताई, ब१२ कशात नसतं?’’

‘‘झाडापाल्यात. का रे?’’

‘‘आयोगानं विचारलंय. आमचा क्लासवाला म्हणतो पालकात असतंय.’’

‘‘पालकात फोलेट असतं. ब१२ दुधात, अंड्यात, मटणात.’’

‘‘मग माळकऱ्यानं काय करायचं?’’

‘‘दूध-दही खायचं.’’

तो लिहून घेतो. एक वाक्य त्याला एक गुण देईल, मलाही देईल. ब१२ कमी पडलं तर तांबड्या पेशी मोठ्या होतात, हे दोन्हीकडे सारखंच. पण ब१२ कमी असताना नुसतं फोलेट दिलं तर रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं, हे फक्त माझ्या परीक्षेत येतं. ते त्याला सांगायचा मोह मी आवरते.

९.०० ते १.००

हे चार तास मोठ्या विषयांचे. इथे जरा हिशोब मांडते, कारण जूनमध्ये तो मी मांडलाच नव्हता. वीस विषय. पहिल्या तीन वर्षांच्या सात विषयांना मिळून १००: अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीला सतरा-सतरा, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माला तेरा-तेरा, फॉरेन्सिकला दहा. उरलेले २०० दवाखान्यातले. त्यात मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग ३०, पीएसएम म्हणजे सार्वजनिक आरोग्य ३०. डोळे, कान-नाक-घसा आणि बालरोग पंधरा-पंधरा. मग राहतात सहा बारके: मानसरोग, त्वचा, भूल, हाडं, एक्स-रे आणि रेडिओथेरपी. प्रत्येकी पाच.

हे सहा मी जूनमध्ये उघडलेच नव्हते. पाच गुणांसाठी कोण पुस्तक घेणार? सहा पंचे तीस, आणि मला कमी पडले बारा. परदेशात पाठवणाऱ्या एजंटाला, विद्यापीठाला, नशिबाला शिव्या घालून झाल्या, पण हा गुणाकार तिसरीतल्या पोरालाही आला असता.

विद्यापीठाबद्दल एकच सांगते, नाव नको. वर्गात इंग्रजीतून शिकवायचे. चौथ्या वर्षापासून वॉर्डात जायला लागलो तेव्हा रुग्ण रशियन बोलायचे, नाहीतर किर्गिझ. ‘ग्दे बलीत?’ म्हणजे कुठे दुखतंय, एवढं रशियन मला पक्कं आलं. पुढचं उत्तर मात्र कळायचं नाही. म्हातारी बाई छातीवर हात ठेवून पाच मिनिटं काहीतरी सांगायची, आम्ही दहा जण तिच्या खाटेभोवती माना हलवत उभे. आता मेडिसिनची केस वाचताना प्रश्नातला ‘५५ वर्षांचा इसम’ डोळ्यांपुढे येत नाही, हे माझं खरं दुखणं. म्हणून मी प्रत्येक केसला गावातलं माणूस बसवते. छातीत जळजळणारा पानपट्टीवाला. धाप लागणारा गुऱ्हाळाचा गुळव्या. नावं इथे लिहीत नाही, कारण त्यांतल्या काहींना मी वहीत अत्यंत वाईट आजार दिलेत.

१.३०

जेवण. ज्वारीची भाकरी आणि वाघा घेवड्याची उसळ. हा घेवडा आमच्या तालुक्याचा, अंगावर वाघासारखे पट्टे, आणि त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. आई भाकरी थापते, मी परातीशेजारी बसून खाते, आणि ताटात दोन प्रश्न असतात.

पहिला: ज्वारी खाणाऱ्यांत पेलाग्रा कशामुळे? हातापायांची आणि गळ्याभोवतीची कातडी काळपट होऊन सोलते, जुलाब लागतात, पुढे डोकं काम करेनासं होतं. मुळात हा नायसिनच्या अभावाचा आजार, आणि जगात तो मक्यावर जगणाऱ्यांना व्हायचा. मक्यातलं नायसिन असं बांधलेलं असतं की पोटाला ते सुटं करून घेता येत नाही. पण दख्खनच्या पठारावर मका न खाणाऱ्या गरीब माणसांना का? हैदराबादला सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल फार असतं. शरीर साठ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून एक मिलिग्रॅम नायसिन बनवत असतं, त्या कामात ल्युसिन खोडा घालतं. पुढे या म्हणण्यावर वाद झाले, पण परीक्षेच्या पर्यायांत बरोबर उत्तर अजून ल्युसिनच.

दुसरा: धान्यात कोणतं अमिनो आम्ल कमी? लायसिन. कडधान्यात? मेथिओनिन. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. पुस्तकात याला मोठं नाव आहे. मी ते आईला सांगून बघितलं.

‘‘म्हणजे भाकरीसंगं कालवण खावं, एवढंच ना?’’ ती म्हणाली. ‘‘ह्याला किती मार्क?’’

‘‘एक.’’

‘‘मग आजून एक भाकरी घे.’’

आजीची बाहत्तरची मिलो म्हणजेही ज्वारीच. नुसती मिलो खाऊन माणसं जगली असती तर काय झालं असतं, हे मला जेवताना सुचतं. सुकडी कशासाठी होती ते तेव्हा नीट कळतं.

२.१५

वीस मिनिटं झोप. जास्त झाली तर संध्याकाळ जाते.

३.०० ते ५.००

फार्मा आणि मायक्रो. याविषयी सांगण्यासारखं काही नाही. औषधांची नावं, त्यांचे दुष्परिणाम, जंतूंना रंगवायच्या पद्धती. कोष्टकं लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. चहा दोनदा.

५.३०

शेजारच्या काकू आशा कार्यकर्त्या आहेत. संध्याकाळी त्या रजिस्टर भरायला आमच्या ओट्यावर येतात, कारण आमच्याकडे उजेड चांगला. मी लसीकरणाचं वेळापत्रक घोकत होते: जन्माला बीसीजी, पोलिओचे थेंब, कावीळ ब. मग सहा, दहा, चौदा आठवडे. पोलिओचं टोचायचं इंजेक्शन सहा आणि चौदा आठवड्यांना, दोन डोस.

काकूंनी मान वर केली नाही. ‘‘तीन.’’

‘‘दोनच आहेत काकू. पुस्तकात बघा.’’

‘‘पुस्तक कवाचं हाय? तिसरा नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाच्या वक्ताला. डाव्या दंडात. दोन हजार तेवीसच्या जानेवारीपास्नं.’’

माझं पुस्तक सीनियरकडून अर्ध्या किमतीत घेतलेलं, २०२० चं. काकूंचं बरोबर होतं. मग त्यांनी रजिस्टर बाजूला ठेवलं आणि माझीच परीक्षा घेतली. अ जीवनसत्त्वाचे डोस किती? नऊ. पहिला केवढा? एक लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी दोन-दोन लाख. एकूण? सतरा लाख. गोवर-रुबेलाची कुपी उघडल्यावर किती वेळ चालते? चार तास. आणि पेंटाची? अठ्ठावीस दिवस, डब्यात नीट थंड राहिली तर. ‘‘आली की तुला,’’ म्हणाल्या. पीएसएमला ३० गुण आहेत, आणि माझ्या ओट्यावर बसणाऱ्या बाईला त्यातले दहा तरी झोपेत मिळतील. तिचं मानधन किती आणि ते किती उशिरा येतं, हे प्रश्नपत्रिकेत नसतं.

तेवढ्यात वरच्या आळीतले एक आजोबा गोळ्यांची पट्टी घेऊन आले. ‘‘डाक्टरीणबाई, पित्ताची ही जेवणाआधी का मागनं?’’ साताऱ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत होती, त्यावर ‘जेवणापूर्वी’ लिहिलेलं होतं, ते मी वाचून दाखवलं. मग त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. त्यांच्या सुनेला खोकला आहे, तिला ‘एखादी चांगली अँटिबायोटिक’ लिहून द्या.

इथे मी थांबते. नोंदणी नसताना कुणी डॉक्टरकी केली तर २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ नुसार एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम फॉरेन्सिकमध्ये येऊ शकतं म्हणून मी पाठ केलं नाही, असल्या संध्याकाळींसाठी केलंय. परीक्षा पास झाले तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप, मग कायमचा नंबर. तोवर माझ्या हाताने कागदावर गोळीचं नाव जाणार नाही. ‘‘तिला उद्या सरकारी दवाखान्यात न्या,’’ मी म्हणाले. आजोबांना ते पटलं नाही. एवढं शिकून काय उपयोग, असं ते बोलले नाहीत, पण जाताना पट्टी जरा जोरात खिशात कोंबली.

७.३०

फोनवर वायव्हा. आम्ही तिघी: मी, जतची एक आणि नाशिकची एक, तिघी एकाच बॅचच्या. नियम असा की एकीने विचारायचं, पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर चूक. ओळखीचं वाटतंय म्हणून चालत नाही.

जतवालीने विचारलं, ‘‘लाल विंचू. औषध?’’

‘‘प्राझोसिन,’’ दोघी एकदम.

हे एक उत्तर मला कधी घोकावं लागलं नाही. रायगडमधल्या महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. लाल विंचवाच्या विषाने नसांमधले सोडियमचे दरवाजे वेळेवर बंद होत नाहीत, शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, अंग घामाने थबथबतं, हात-पाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. कोकणात पोरं यानेच दगावत होती. बावस्करांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र-रात्र खाटेशी बसून हे टिपलं, आणि रक्तदाबासाठी मिळणारी एक स्वस्त गोळी, जी नेमके आकसलेल्या रक्तवाहिन्यांचे अल्फा रिसेप्टर अडवते, ती वापरली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या परदेशातल्या फार्माच्या वहीत प्राझोसिनच्या पुढे फक्त ‘उच्च रक्तदाब, प्रोस्टेट’ लिहिलंय. विंचू नाही. तिथे उणे दहा तापमानात विंचवाचं कुणाला काय पडलंय?

नाशिकवाली म्हणाली, ‘‘पहिल्या गोळीनंतर?’’

मी अडकले. पाच सेकंद गेले.

‘‘आडवं झोपवून ठेवायचं. उभा केला तर बीपी पडून कोसळेल.’’

ही चूक वहीत गेली. माझ्याकडे चुकांची वेगळी वही आहे, आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी फक्त तीच उघडणार आहे.

१०.००

साठ प्रश्नांचा सराव, साठ मिनिटं. ४१ बरोबर. एकोणीस चुकांपैकी सात नुसत्या घाईच्या. प्रश्नात ‘नाही’ होतं, ते वाचलंच नाही. एक त्वचेचा, दोन भुलीचे. म्हणजे बारक्या सहांत अजूनही गळती आहे.

१०.४५

बाबा उठतात. चहा घेतात, डोक्याला मफलर, हातात बॅटरी आणि काठी. दाराशी बसून गमबूट पालथे करतात, उंबऱ्यावर दोनदा आपटतात, आत बॅटरी मारून बघतात आणि मगच पाय घालतात. लाईट अकराला येणार.

मी उद्याचं पान लावून ठेवते. बायोकेमिस्ट्री. १७ गुण.